ती टीप मीच घातली होती, पद्मा

पद्मा,

आधी कबुली देऊन टाकते. नाहीतर पुढं मी जरा वाढवून सांगायला लागले की तू वरून घसा खाकरशील. ती टीप मीच घातली होती. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. भर दुपारी, पोटभर जेवून, तोंडात बडीशेप टाकून, पूर्ण शुद्धीत मी एका पोरीनं दोन दिवस खपून घातलेली शिवण उसवली आणि माझ्या वडिलांच्या हातमशीनवर परत शिवली. मग ‘या कामात बाहेरच्या कुणाचीही मदत घेतलेली नाही’ असं छापलेल्या कागदावर सही केली. चांगली ठसठशीत, खाली रेघ ओढून, रेघेखाली दोन ठिपके देऊन.

त्रेपन्न वर्षांची होते. कॉलेजात मराठी शिकवत होते. पोरांना ‘प्रामाणिकपणा’ या विषयावर निबंध घालत होते आणि लाल शाईनं तपासत होते. ती बाई आज भेटली असती तर कान धरून मशीनवरून उठवली असती. पण तेव्हा तिचा फार तोरा होता. तुला आठवतच असेल, कारण तो सगळ्यात जास्त तूच सोसलास.

परवा तुझ्या शोकसभेत लोक काय काय बोलले ते ऐकलंस का? एकजण म्हणाला, मॅडम हसतमुख होत्या. मी पदर तोंडावर धरला. लोकांना वाटलं मी रडतेय. हसतमुख! संख्याशास्त्राच्या तासाला तुझं हसतमुख बघितलेली पोरं अजून दचकून उठतात. तू हसायचीस ते माझ्या घरी, चहा बशीत ओतताना, आणि बहुतेक वेळा मलाच.

त्या स्पर्धेचं पत्र पण तू असंच हसत आणलं होतंस. स्टाफरूममध्ये माझ्यासमोर कागद ठेवलास आणि म्हणालीस, “अक्का, सात पोरं पाहिजेत.”

“कशाला?”

“कल्पकतेची स्पर्धा आहे. एक अडचण देतात. ती सोडवणारं काहीतरी पोरांनी स्वतः बनवायचं आणि आठ मिनिटांत नाटकातून दाखवायचं. आपण फक्त बसायचं.”

मी म्हणाले, “सोलापूरची पोरं? अगं, आपल्याकडं चादर मिळते, चटणी मिळते. कल्पकता पुण्याहून मागवावी लागते.”

हे मी बोलले, मराठीची प्राध्यापक. तू नुसता कागद माझ्या डब्याखाली सारलास. दुसऱ्या दिवशी मीच नोटीस लिहून लावली, ती तुझ्यापेक्षा माझं अक्षर चांगलं म्हणून. असं तू मला कामाला लावायचीस.

प्राचार्यांनी दोनच प्रश्न विचारले. यात ढाल मिळते का, आणि तपासणीच्या फायलीत लावता येतं का. दोन्हीला तू ‘बघू’ म्हणालीस, म्हणून त्यांनी परवानगी दिली आणि पैसे दिले नाहीत. मग आपण दोघी उन्हात नवी पेठेत फिरलो. सहा दुकानांत पाणी प्यालो, सातव्या कापडाच्या दुकानात शेठ म्हणाले बसा.

“पोरं नाचणार का?”

“नाही,” तू म्हणालीस.

“गाणार?”

“नाही.”

“मग करणार काय?”

“विचार करणार.”

शेठनी गल्ल्यावरून मान वर केली. “विचार करायला पैसे कशाला लागतात, बाई?”

मला हसू आवरेना. तू मात्र तोंड तसंच गंभीर ठेवून म्हणालीस, “विचार फुकट होतो शेठ. तो पुण्याला न्यायला तिकीट लागतं.” पुण्याच्या जाण्यायेण्याचं आणि सात टी-शर्टांचं त्यांनी मान्य केलं. पाठीवर दुकानाचं नाव, पुढून कॉलेजचं. आणि म्हणाले, पुण्यात पहिल्या दोनांत आलात तर दिल्लीची फेरी पण माझ्याकडं. बाहेर आल्यावर मी म्हणाले, बघितलंस, माझ्या गोड बोलण्यानं काम झालं. तू म्हणालीस, “अक्का, तुम्ही आत एक शब्द बोलला नाहीत. नुसत्या हसत होता.”

रेखा त्या सातांतली. तिला टीमसाठी आपण निवडलं, त्याच्या आधीच मी तिला घरात निवडलं होतं. पहिलं वर्ष झाल्यावर ही पोरगी यायची बंद झाली, तेव्हा आपण दोघी एस.टी.नं सांगोल्याकडच्या तिच्या गावाला गेलो होतो. बाप शेळ्या सोडायच्या घाईत होता. “शिकून काय करनार हाय ती? आन् ऱ्हायची कुटं सोलापुरात?” मी फाडकन म्हणाले, माझ्या घरी. नवऱ्याला विचारलं नव्हतं, मुलाला विचारलं नव्हतं. तू परतीच्या एस.टी.त म्हणालीस, “विचारलं असतंत तर बरं झालं असतं.” मी म्हणाले, विचारलं असतं तर ‘नाही’ म्हणाले असते. तू खिडकीकडं तोंड फिरवून हसलीस. तर रेखा माझ्या मागच्या खोलीत राहायला आली, आणि माझ्या हातची भाकरी खाऊन तुझ्या संख्याशास्त्रात पहिली आली. ही फितुरी मी अजून विसरलेली नाही.

त्या वर्षीची अडचण अशी होती, की हात न लावता पाणी स्टेजच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला न्यायचं. सामान टाकाऊ पाहिजे. बाकीच्या पोरांनी पाइप, पंप, मोटार अशी नावं काढली. रेखा म्हणाली, “पन्हाळ करू की. फ्लेक्सची.” चौकाचौकात वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स असतातच. वाढदिवस झाले की वाऱ्यानं फाटेपर्यंत लोंबकळतात. पोरांनी मागून मागून चार आणले, उभे कापले. रेखानं दाभण आणि सुतळी घेऊन ते एकाला एक जोडले, आणि वीस फुटांची पन्हाळ झाली. आत कुणाकुणाची हात जोडलेली हसरी तोंडं.

पण शिवण! पद्मा, मी शिंप्याची पोर. वैरागच्या बाजारात वडिलांच्या मशीनखाली बसून मी वाढले. काज वाकडं झालं तर वडील सदरा उसवायला लावायचे. आणि इथं ही बोटभर अंतरावर एक टाका, तो पण नागमोडी, आणि प्रत्येक भोकावर मेणबत्तीचं मेण थापलेलं. पुण्याला जायच्या आदल्या दिवशी सामान माझ्याकडं ठेवलं होतं, घर स्टेशनजवळ म्हणून. पोरं रेखाला घेऊन बाहेर जेवायला गेली. मी ती गुंडाळी बघितली आणि माझे हात शिवशिवायला लागले.

तू मला सांगितलं नव्हतंस असं नाही. तुझ्या घरीच ते शिकले होते की! तुझ्या वडिलांच्या पुढच्या खोलीत दोन हातमाग होते. एकावर ते, एकावर तुझा भाऊ. भाऊ बाहेर गेलेला आणि त्याच्या मागावरचा एक धागा तुटून लोंबत होता. मी आपली मदत म्हणून गाठ मारायला हात घातला, तर तुझ्या वडिलांनी माग थांबवला. “बाई, हात नको. त्याचा माग हाय. त्यालाच कळू दे कुटं तुटलंय.” आतून तुझी आई माझ्यासाठी ताट घेऊन आली आणि तेलुगूत “तिनु, तिनु”, खा खा, करून मला वाढत राहिली, म्हणजे मला वाईट वाटायला नको. जेवताना तू हळूच म्हणालीस, “आमच्यात दुसऱ्याच्या मागाला हात लावत नाहीत, अक्का. गाठ दुसऱ्यानं मारली की विणणाऱ्याला आपली चूक सापडत नाही.” मी मान डोलावली. सगळं समजलं असं दाखवायला माझी मान फार पटकन डोलते.

तर मी शिवण उसवली, मेण खरवडून काढलं आणि काठ दुमडून डबल टीप मारली. सरळ! फूटपट्टी लाव. वडिलांनी पाठ थोपटली असती. सकाळी स्पर्धेच्या जागी रेखानं गुंडाळी उलगडली आणि कितीतरी वेळ त्या टिपेकडं बघत उभी राहिली. मला वाटलं, पोरगी माझ्या हाताच्या प्रेमात पडली.

पुढचं तू माझ्याच तोंडून पन्नास वेळा वदवून घेतलंयस, तरी परत सांगते. बोटभर अंतरावर एक भोक आणि त्यावर मेण, हे त्या पोरीनं डोकं लावून केलं होतं. मी मशीननं त्याची शेकडो भोकं केली आणि मेण केराच्या टोपलीत टाकलं. पाणी सोडलं आणि वीस फुटांची पन्हाळ झारीसारखी गळायला लागली. माझा जीव गेला. आणि रेखा, स्टेजवर, पाण्याची वाट बघणारी म्हातारी झालेली, कमरेवर हात ठेवून ओरडली, “आला गं बया टँकर! निम्मा वाटंतच सांडला!” मग सगळी पोरं धावली. कुणी घागर धरली, कुणी टोपी, एकानं चप्पल धरली. “सांडलेलं बी आपलंच हाय की, भरा!” लोक उठून हसत होते. परीक्षक हसत होते. मी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होते. तू वाजवत नव्हतीस.

मग मला तू दिसलीस, परीक्षकांच्या टेबलापाशी, वाकून काहीतरी सांगताना.

पाच मिनिटांनी एक तरुण परीक्षक माझ्याकडं आला. अगदी अदबीनं म्हणाला, “मॅडम, ही शिवण कुणी घातली?” मी म्हणाले, “मुलांनी.” आणि मग चुकून मुलांकडं बघितलं. सातही जण जमिनीकडं बघत होते. मी म्हणाले, “मी.” माझ्या आवाजात ‘मी’ इतकं बारीक कधी आलं नव्हतं.

गुण वजा झाले. तिसरे आलो. दिल्लीला दोनच जाणार होते.

स्टेशनवर मी तुला जे बोलले ते इथं लिहीत नाही. ‘घरभेदी’ हा त्यातला सगळ्यात सभ्य शब्द. पोरांच्या तोंडचा घास काढलास म्हणाले. सात जणांची दिल्ली तू दोन वाक्यांत घालवलीस म्हणाले. तू एवढंच बोललीस, “मॅडम, कागदावर सही तुमची होती.” अक्का नाही. मॅडम. पुढं सहा महिने मॅडमच. स्टाफरूममध्ये तू खिडकीपाशी आणि मी कपाटापाशी, आणि मध्ये बिचारी रेखा माझा डबा तुझ्या टेबलावर आणि तुझा डबा माझ्या टेबलावर नेऊन ठेवत होती. त्या सहा महिन्यांत तुझ्या घरचं जेवण मी एकदाही परत पाठवलं नाही. रागाची माझी व्याख्या तेवढीच होती.

तेव्हा मला खात्री होती की टीम संपली. प्राचार्य म्हणाले, ढाल नाही तर परवानगी नाही. शेठ म्हणाले, बाई, विचार वाटेतच गळाला. आणि मला मनातून वाटायचं, बरं झालं, संपली तर संपली, निदान त्या पन्हाळीची आठवण तरी कुणी काढणार नाही. टीम जगली ती तुझ्यामुळं, हे मी तू असताना चारचौघांत एकदाही बोलले नाही. आता बोलते, कारण आता तू लाजून विषय बदलू शकत नाहीस.

एका सकाळी माझ्या दारात रिक्षा थांबली. मागं चादरींचा ढीग आणि ढिगावर तू. कारखान्यात ज्या चादरींत दोष निघतो, रंग उडतो, काठ चुकतो, त्या तू भावाच्या ओळखीनं उचलून आणल्या होत्यास. उंबऱ्यावर उभी राहून म्हणालीस, “अक्का, शिवायचंय ना तुम्हाला? शिवा. पिशव्या शिवा. किती सरळ शिवायच्या तेवढ्या शिवा. विकून जे येईल ते टीमचं. पण पोरांच्या सामानाला परत हात लावलात तर मशीन उचलून नेईन.”

सहा महिन्यांनी ‘अक्का’ ऐकलं. मी काय म्हणाले? “रिक्षावाल्याला पैसे दिलेस का?” एवढंच सुचलं मला, मराठीच्या प्राध्यापकाला.

त्या पिशव्यांनी टीम चालली, पद्मा. तुझ्या बहिणींनी विकल्या, माझ्या भावकीनं वैरागच्या बाजारात विकल्या, शेठनी पण लाजेकाजेनं दुकानात टांगल्या आणि मग खपायला लागल्यावर स्वतःचीच कल्पना म्हणून सांगायला लागले. दरवर्षी नवी सात पोरं. तिसऱ्या वर्षी दिल्ली झाली. मी रिटायर झाले, तू झालीस, टीम झाली नाही. रेखा तिकडं सांगोल्यात शिक्षिका झाली, आता ती शाळेतल्या पोरांची टीम नेते. तिच्या टीमसाठी पण मी पिशव्या शिवते. नात म्हणते, आज्जी, तुझी टीप बघ कशी वाकडी यायला लागली. मी तिला म्हणते, येऊ दे, मला आत्ता कुठं शिवता यायला लागलंय.

पण आपलं भांडण काही मिटलं नाही. तू सांगितलंस ते बरोबर केलंस, हे मी दुसऱ्याच वर्षी मान्य केलं होतं. तुला सांगितलं नव्हतं, मनात केलं होतं. माझं म्हणणं वेगळंच होतं. तुला कळलं कसं? पन्हाळ माझ्या घरी होती. मी शिवताना घरात कुणी नव्हतं. तू ती जवळून बघितलीसुद्धा नव्हतीस. अठरा वर्षं मी विचारत राहिले. दर मंगळवारी तुझ्याकडं चहाला यायचे आणि दुसऱ्या घोटाला विचारायचे. तू दरवेळी वेगळं उत्तर द्यायचीस. विणकराची लेक आहे, टाका ओळखते. गळलं तेव्हाच कळलं. तुमचं तोंड बघून कळलं. एकदा तर म्हणालीस, संख्याशास्त्रावरून कळलं. मी चिडायचे, उठायचे, चप्पल घालायचे, आणि पुढच्या मंगळवारी परत यायचे.

दवाखान्यात पण विचारलं. तुझ्या सुनेची नजर चुकवून मी कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणली होती. तू चिमूटभर चटणी जिभेवर ठेवलीस, डोळे मिटलेस. मी म्हणाले, आता तरी सांग, कळलं कसं? तू म्हणालीस, “पुढच्या मंगळवारी.” सोमवारी तू गेलीस. अगदी तुझ्यासारखं केलंस.

तुला सांगायचं होतं ते असं, की त्या दिवशी स्टेशनवर मी बोलले त्यातलं एक अक्षरही खरं नव्हतं. मला पोरांच्या दिल्लीचं दुःख नव्हतंच. माझी सही खोटी निघाली आणि ती तुझ्यासमोर निघाली, त्याचं होतं. दुसऱ्या कुणासमोर निघाली असती तर मी दोन दिवसांत विसरले असते. हे सांगायला अठरा वर्षांचे मंगळवार होते माझ्याकडं. मी त्यात ‘कळलं कसं’ विचारत बसले.

तुझ्या दहाव्याला रेखा आली होती. माणसं पांगल्यावर आम्ही दोघी तुझ्या घराच्या पायरीवर बसलो. आत आता मागाची खोली नाही, तिथं तुझ्या नातवाची मोटारसायकल असते. मी म्हणाले, “गेली बघ. आणि शेवटपर्यंत सांगितलं नाही, कळलं कसं ते.”

रेखा पायरीवरचं कुंकू नखानं खरवडत बसली. मग म्हणाली, “मॅडम, मी सांगितलं होतं.”

मला कळेचना.

“त्या दिवशी गुंडाळी उलगडली तवाच मी वळखलं. माझी शिवण न्हवती ती. मी पद्मा मॅडमना गाठलं कोपऱ्यात. त्या म्हणाल्या, काम तुझं हाय, तू म्हणशील तसं. मी म्हणलं, सांगा, पण माझं नाव नका घेऊ. तुमची टीप लई सरळ होती, मॅडम. पण मग माझं काय ऱ्हायलं त्यात?”

माझ्याच ताटातली भाकरी खाल्लेली पोर. सदतीस वर्षांची बाई झालीय, तरी माझ्याकडं तशीच बघत होती, सांगोल्याहून पत्र्याची पेटी घेऊन आली त्या दिवशी बघत होती तशी. मी तिचा हात धरला. रागवायला माझ्याकडं काही उरलं नव्हतं. तरी विचारलं. सवय आहे ना. “मग पद्मानं मला कधीच का नाही सांगितलं गं?”

रेखानं डोळे पुसले आणि म्हणाली,

“मी लई येळा म्हणलं त्यांना, सांगून टाका की. आधी म्हणायच्या, ‘तू त्यांच्या घरात राहतीस, तुझ्यावर रागावल्या तर जाशील कुठं? माझ्याशी भांडू देत.’ मग मला नोकरी लागली, माझं घर झालं, तवा परत म्हणलं, आता काय भ्या न्हाय, सांगा. तर हसल्या. म्हणल्या, ‘आता तर मुळीच नको. हे भांडण मिटलं, तर अक्का मंगळवारी येतील कशाला?’”